शेऱ्याचा रकाना

हिप्परग्याच्या बांधावर पोचलो तेव्हा
एम-ऐंशीचं इंजिन अजून गरम होतं
आणि पाणी, पौषातलं,
न घासलेल्या ॲल्युमिनियमच्या परातीसारखं.

नरसय्या गुंडेटी पुढे.
गळ्यात दुर्बीण. तिचा पट्टा तुटला म्हणून
चादरीच्या काठाची पट्टी शिवलेली,
लाल-काळी, मोरांच्या रांगेची.
एवढे मोर घेऊन कोणी बदकं बघायला जातं का,
मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही.

एकोणतीस वर्षं जेकार्डवर.
माग थांबले, कान परत आले नाहीत.
म्हणजे आले, अर्धेमुर्धे:
ट्रकचा हॉर्न येतो, टिटवी जेमतेम,
बारीक काही येत नाही.
डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली होती त्याला,
डावीकडून बरी चाललेली आणि मग
याच बांधासारखी एकदम खाली उतरलेली.

चालायचं कसं हे त्यानंच शिकवलं मला.
ऊन पाठीवर घ्यायचं.
बेशरमाच्या झुडपाआड थांबायचं, खोकला गिळायचा.
चिखलाला भेगा दिसल्या तरी विश्वास ठेवायचा नाही.
गेल्या साली माझी एक चप्पल तळ्यानं ठेवून घेतली.
मी मागितली नाही.

वही कारखान्यातली. छापील रकाने:
तारीख, माग नंबर, नग, शेरा.
माग नंबराखाली तो पक्षी लिहितो.
चांदवे एकशे चाळीस.
थापट्या बदकं साठ.
शेकाटे अकरा. त्यांच्या त्या गुलाबी काटकुळ्या पायांबद्दल
अवाक्षर नाही, नुसते अकरा.
मोजताना ओठ हलत नाहीत.
नजर आडवी जाते, आडवी परत येते,
धोटा गेला, धोटा आला.

मग पलीकडे, ट्यूबवर बसून जाळं ओढणाऱ्या पोराच्या डोक्यावर
पांढऱ्यांचा गोंधळ.
"हे कोण ओ, मठपतीबाई?"
कुरव, मी त्याच्या कानाशी ओरडले. समुद्रावरचे!
"सोलापुरात समुद्र?"

नाही सोलापूरला समुद्र.
पोस्टाच्या काउंटरवर बत्तीस वर्षं
मालवणची, कारवारची पाकिटं माझ्या हातातून गेली.
वाटायचं, बोटांना खारट लागतील.
डिंकाची चव तेवढी लागायची.
नरसय्या तिरुपतीपर्यंत जाऊन आलाय,
तिथून दिसत नाही म्हणाला.

कडक भाकरी मोडली. शेंगाचटणी तिच्यावर.
"वाट चुकले असतील बिचारे."
चुकत नाहीत, दर वर्षी येतात.
त्यानं बराच वेळ चावलं.
"मग समुद्रच चुकला असेल."

तेवढ्यात पाणकणसातून काहीतरी.
मी घास थांबवला, आणि त्याला
माझा थांबलेला घास दिसला.
"काय ऐकलं?"

आता कसं सांगायचं?
शिट्टी म्हणावी तर शिट्टी नव्हे.
दोन बारीक, आणि तिसरा त्याहून.
डब्याच्या झाकणावर नखानं वाजवून दाखवलं;
झाकण फार जाड निघालं त्या आवाजासाठी.
त्याचा तळवा ओढून त्यावर टिचकी दिली, दोन, मग एक.
त्यानं तळव्याकडे पाहिलं, जणू मी सुटे पैसे कमी दिलेत.
"धागा तुटायच्या आधी जरा कुरकुरतो," तो म्हणाला, "तसं?"
धागा तुटायच्या आधी काय करतो
मला कुठून माहीत.
हो, म्हटलं. तसंच.

त्यानं वही उघडली.
पक्ष्याचा रकाना कोरा ठेवला.
नग: एक.
शेरा: बाईंनी ऐकला.

निघताना गाडी सुरू होईना.
तो किक मारत राहिला, मी डबा धरून उभी.
मागे कुरवांचं भांडण चाललेलं, घसा बसल्यासारखं, जाडंभरडं.
एकदम त्यानं पाय थांबवला, मान वळवली.
विचारणार होते.
पण इंजिन लागलं.