टाकी वजा जाता

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, प्लॉट एकशे बारा,
इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत
मी हिशेब लिहिते.
पाण्याचा, साबणाचा, वाफेचा.

छतावर आरसे बसवायचं ठरलं तेव्हा
सुलैमा मॅडमनी एकच आकडा मागितला:
एक टन कार्बन न सोडायला किती रियाल पडतात.
न सोडायला.
आजवर मी घडलेल्याच गोष्टींची बिलं मांडली होती.

एक टन म्हणजे दिसायला केवढा, मी हुर्झुकना विचारलं.
हर्णैचे. या बॉयलरवर एकोणीस वर्षं.
एका कानाने वाफ ऐकतात,
दुसऱ्याने आता फारसं काही नाही.
त्यांनी भिंतीलगतच्या डिझेलच्या पिंपांकडे मान हलवली.
"ही दोन. दुसरं जरा अपुरं."
मग थोडं थांबून,
"दुपारच्या जेवणापर्यंत उडतात."

कोटेशन आलं बावीस पानांचं.
आरसे, नळ, सांगाडा, क्रेनचं भाडं, वादळाचा विमा,
आणि टाकी.
दिवसाचं ऊन रात्रीसाठी धरून ठेवणारी,
दोन पुरुष उंच, जाड वेष्टणात गुंडाळलेली
जशी बाळंतीण गुंडाळतात.
टाकीसकट टनाला एकसष्ट रियाल.
टाकी वजा जाता चौतीस.

मी वजा केली.
मॅडम म्हणाल्या, चौतीस चालतील.

आरसे आले, वळायला लागले,
सूर्यफुलांना मान दुखत असेल का असं वाटण्याइतके हळू.
सकाळी दहाला पहिली वाफ आली
आणि धुराडं गप्प बसलं.
इतकं गप्प की इस्त्रीवरच्या बायका वर बघू लागल्या.

मग शमाल सुटला. तीन दिवस.
वर बाटिनाची दमट रात्र.
धूळ अधिक दंव: आरशांवर चिखलाचा पातळ शिरा.
धुवायला गोडं पाणी हवं, हे बावीस पानांत नव्हतं.
समुद्राचं पाणी गोडं करायला जो गॅस जळतो
तो कोणत्या रकान्यात घालू?
मी "किरकोळ" मध्ये घातला.
माझ्या "किरकोळ" मध्ये बरंच काही राहतं.

आणि चादरी तर रात्री येतात.
नऊनंतर, निळ्या पिशव्यांतून, गाठ मारलेल्या.
ऑपरेशनचं रक्त उन्हाची वाट बघत नाही.
टाकी नाही, म्हणून हुर्झुक रोज रात्री
बॉयलर पेटवतात,
आणि पहाटेपर्यंत पिंपं रिकामी होत जातात.
चौतीस रियालांचा टन
अर्धाच वाचतो.
हे मी अहवालात लिहिलंय, पान सहा, बारीक अक्षरांत.

रमजान संपला त्या आठवड्यात ते केबिनच्या दारात उभे.
हातात हलव्याचा डबा, केशराचा, अजून कोमट.
"विसा वाढला दोन वर्षं," म्हणाले,
"टाकी कापलीत म्हणून राहिलो, बाय."
मी म्हटलं, अहो, मी तुमच्यासाठी नाही कापली.
"ते ठाऊक आहे," ते म्हणाले,
आणि डबा टेबलावर ठेवला, कोटेशनवरच.
तुपाचा एक गोल डाग पडला पहिल्या पानाला.

हलवा मी खाल्ला. दोन दिवस पुरवून.

आता डिझेल पुन्हा महागलंय.
मॅडमनी विचारलंय, टाकीचा नवा भाव काय.
ती ओळ मी कधी खोडली नव्हतीच,
नुसती लपवली होती;
उघडली की तिच्याखाली आपोआप उघडते
दुसरी: रात्रपाळी, बॉयलर परिचर, एक. बचत.
तिच्यासमोर आकडा आधीच भरलेला.
माझ्याच हाताने असणार, आठवत नाही.

बाहेर सहा वाजलेत.
हुर्झुक नळ बंद करतायत, चांगला कान पाइपाला लावून.
वर आरशांची पहिली रांग
पूर्वेकडे कलतेय,
तिच्यावर काल रात्रीची बोटं उमटलीत, कुणी पुसायची ते ठरलेलं नाही.