उजवी, डावी

अकरा वर्षं आम्ही एकाच बाजूने फिरलो.
गिरणारे, वाघेरा, हरसूल, त्र्यंबक, घर.
शंभरावर सहा-सात किलोमीटर;
मीटर दर खेपेला वेगळं सांगतं.
गायधनी पुढे, मी मागे,
किंवा मी पुढे आणि तो पंक्चर.

मग एकदा म्हणाला, आपण डावी घालतोय.
देवाला उजवी घालतात. ब्रह्मगिरीला सगळं जग उजवी घालतं.
आपण दोघेच शहाणे, उलटे.
मी म्हटलं, आपण देवाला कुठे घालतो? चहाला घालतो.
तो हसला नाही.
निवृत्तीनंतर माणसं असलं काहीबाही मनावर घेतात.

तेव्हा रविवारी पहाटे पाचला
अशोकस्तंभावर आम्ही फुटलो.
तो त्र्यंबक नाक्याकडे, मी गंगापूर रस्त्याला.
त्याचा मागचा लाल दिवा
दुधाच्या टेम्पोआड गेला, पुन्हा दिसला, मग नाहीच.

गिरणाऱ्यात टोमॅटोच्या क्रेटांचे मनोरे,
रस्त्यावर चिखल, तोही टोमॅटोचाच.
चाक घसरतं तिथे, हे मी ओरडून सांगणार होतो;
मागे कुणी नव्हतं.
धोंडेगावापुढे खुरासणी फुललेली,
इतकी पिवळी की तोंडात गोड यावं.
बांधावर नागलीची कणसं मुठी वळून उभी.
वाघेऱ्याच्या उतारावर बोटं गारठली,
ब्रेकच्या रबराचा वास वळणावळणाला माझ्याआधी पोचत होता.

हरसूल खाली आहे, वाटीच्या तळाशी.
कुठूनही या, घरंगळत येता;
कुठेही जा, चढच.
बाजारात भज्यांच्या कढईपाशी तो आधीच बसलेला,
वहाणा काढून, जिंकल्यासारखा.

मग आम्ही रस्ते बदलले.
तो म्हणाला, तुझ्या पुढे खडी सांडलीय, डावीकडून जा,
मोरीपाशी एक पांढरं कुत्रं आहे, नुसतं भुंकतं.
मी म्हटलं, तुझ्या पुढे खुरासणी आहे.
तो म्हणाला, ते सांगायचं असतं का?
त्याचं मागचं माझं पुढचं झालं,
माझं त्याचं.
पाण्याची बाटली अर्धी-अर्धी केली आणि निघालो,
पाठीला पाठ.

घाटमाथ्यावर, बसच्या शेडसमोर
चांगुणाबाई बेंडकोळी भाताचे भारे रचत होती.
(हे त्याने मला रात्री फोनवर सांगितलं.)
तिने त्याला खालून येताना पाहिलं, कमरेवर हात ठेवला.
“आज उलटं कसं? काही इसरलं का मागं?”

तो चढाने फुललेला, बोलता येईना.
ती घरात गेली, आली,
खुंटीवरचा एक हातमोजा घेऊन.
डाव्या हाताचा. त्याचाच.
आषाढात शेडमध्ये राहिलेला.

“द्यायचा कसा?” ती म्हणाली.
“तुमी हितून नुसते जाता.
माघारी येताना कवा दिसतच न्हाई.
मला वाटायचं, दर आयतवारी दुसरीच मान्सं.
मग वाटलं, दुसरी कशी?
ह्या एकाचा एक हात उघडाच ऱ्हातो.”

अकरा वर्षं.
आम्ही म्हणायचो, फिरून आलो.
घरी सांगायचो, आलो बरं का परत.
तिच्या उंबऱ्यावरून पाहिलं तर
दोन माणसं सायकलवर बसून गेली,
पुन्हा गेली,
पुन्हा गेली.

मी फोनवर विचारलं, मग तू काय म्हणालास?
तो म्हणाला, काय म्हणणार,
पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी कुठून जायचं
हे अजून ठरलं नाही.
स्तंभापाशी तो आला तेव्हा दोन्ही मोजे घालून आला होता.
उजव्याला साबणाचा वास,
डाव्याला चुलीचा.
वहिनींना धू म्हणून दिला नव्हता.