एकशे पासष्ट लिटर

नेहेते सरांचा फ्रीज दोन वर्षं माझ्या दुकानात पडून होता.
गॅस गेलेला, कॉम्प्रेसर बसलेला,
दारावर त्यांच्या मुलीनं चिकटवलेलं
अर्धं सोललेलं फुलपाखरू.
बदली झाली तेव्हा सर म्हणाले, राहू दे तुलाच.
चोपड्यात अशीच येतात माझ्याकडे मोठी माणसं,
रिपेरीचे पैसे ऐकतात, आणि वस्तू विसरतात.

आधी आतलं पांढरं प्लास्टिक उपटलं.
मागची काचेची लोकर हातांना आठवडाभर चावत राहिली
तरी तीच परत भरली.
थंडी राखायची ती, आता ऊब राखेल,
तिला काय, आत आणि बाहेर एवढंच कळतं.
गुलशेरनं तेलाचे डबे कापून पत्रा ठोकला.
जस्ताचा नको म्हणाला, तापला की विष सोडतो.

कॉइल: वसतिगृहात जप्त झालेल्या शेगडीची.
थर्मोस्टॅट गिझरचा, तासभर फसवत होता,
त्याचा स्क्रू फिरवून फिरवून त्याला पटवलं.
पंखा कुठल्याशा कॉम्प्युटरचा, तळहाताएवढा,
मुनाफच्या भंगारात वीस रुपयांना.
अर्थिंगची तार मात्र नवी आणली, आणि तीनदा तपासली.
कूलरला चिकटलेला पोरगा मी एकदा सोडवलाय,
लाकडी पाटानं ढकलून.
त्याच्या हाताचा वास अजून जात नाही.

बा खाटेवरून बघत होता.
हाई काय शे?
म्हटलं, तुझी चूल.
तो हसला नाही.
डोंगराकडच्या आमच्या घरात
आढ्याला दोरी, दोरीवर बोकडाच्या पट्ट्या,
खाली चूल, वर धूर, पावसाळाभर पुरायचं.
उन्हात घालायच्या दिवशी
मी काठी घेऊन कावळ्यांवर.
एक पट्टी गेली की एक फटका, असा हिशोब होता.

हुरमतनं पऱ्हाट्या आणल्या मोळीभर,
भरताला चालतात तर याला का नाही.
बानं एक काडी मोडली, नाकाशी धरली.
यामा फवारा शे.
बोरनं लाकूड लई ये.
मग बोराच्या ढलप्या रात्रभर भिजत,
आणि शेजारच्या पातेल्यात मटण,
मीठ, लसूण, हळद, घरची मिरची.

सकाळी सायकलच्या आऱ्या वाकवून आकडे केले,
फ्रीजच्याच जाळीला पट्ट्या टांगल्या,
कॉइलवर जुना तवा, तव्यात ढलप्या.
मे महिना. बाहेर पंचेचाळीस, आत पासष्ट,
वीसच डिग्र्यांसाठी एवढा उपद्व्याप,
गुलशेर म्हणाला, दार उघडंच ठेव ना.

साडेअकराला गॅसच्या नळीच्या भोकातून
पहिला धूर आला, बारीक, निळसर,
गल्लीतल्या दोन मांजरांनी तो आमच्या आधी पाहिला.

तीन चाळीसला लाइट गेली.
पंखा थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जसा मीच महावितरण.
बा उठला, गुडघ्यावर हात देत,
चुलीतले चार निखारे चिमट्यानं आणून तव्यात ठेवले,
फुंकर घातली,
दार लावलं,
आणि काही न बोलता परत खाटेवर.
पावणेसहाला लाइट आली तेव्हा
आत कशाला काही फरक पडलेला नव्हता.

दारातलं बटन आणि दिवा मी काढलेच नव्हते.
विसरलो म्हणा, किंवा जीव झाला नाही.
अंधार पडल्यावर बघतो तर
खाट फ्रीजजवळ सरकवलेली,
बाच्या मांडीवर काठी.
कावळे कुठले आता, बा?
त्यानं दार बोटभर उघडलं.
धुरात पिवळा दिवा, लालकाळ्या पट्ट्या लटकलेल्या.
पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.
उघडू नको, धूर जातो.
जाऊ दे, म्हणाला,
दिवा लागस का ते देखस.