बर्फाचा पुरावा

मिंडेलोच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा
दाव्याला नऊ दिवस झाले होते.
कंपनीचं पत्र, मोजपट्टी, कॅमेरा
आणि प्रायाहून सोबत आलेली मळमळ,
एवढंच सामान.

एर्मेलिंडानं कारखान्याचं दार उघडलं.
आत काहीच नव्हतं.
म्हणजे कॉम्प्रेसर होता, पोट फाडून ठेवलेला,
नळ्या होत्या, खाऱ्या वाऱ्यानं पांढऱ्या पडलेल्या,
आणि सिमेंटवर एक डाग,
दोन होड्या शेजारी शेजारी मावतील एवढा.

"नुकसान झालेला माल दाखवा," मी म्हणालो.
ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.
"सहाशे लाद्या. तुम्ही त्यांच्यावर उभे आहात."

आमच्या धंद्यातली पहिली शिकवण:
कुठं पाणी मुरतंय ते हुडका.
इथं तर सगळंच मुरलं होतं,
वर्ष वर्ष पाऊस न बघणाऱ्या जमिनीत,
समुद्रातलं मीठ काढून
महागड्या विजेवर गोठवलेलं पाणी.
पैसे पाण्यात गेले असं लोक म्हणतात.
इथं पाणीच पैसे घेऊन गेलं होतं.

लुसियानू मेस्त्रीनं फडक्यातून बेअरिंग आणलं,
पोराचा पडलेला दात दाखवावा
तसं उलगडलं.
"बावीस वर्षं रोज सकाळी
स्क्रूड्रायव्हरचं टोक याला टेकवून
मूठ कानाशी धरायचो.
गेल्या साली धुळीचा वारा सुटला
तेव्हापासून आवाज बदलला होता.
बाईंना सांगितलं होतं मी."

एर्मेलिंडानं त्याच्याकडे असं पाहिलं
की पुढचं वाक्य
त्याच्या तोंडातच गोठलं.

पान चौदा. कलम सहा.
अचानक व अनपेक्षित बिघाड: भरपाई देय.
झीज: नाही.
गंज: नाही.
माहीत असून केलेली हयगय: नाही.
हे कलम मी झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते.

"झीज," मी म्हणालो, जमेल तितक्या हळू.

"मग हप्ते कशाचे घेत होता?
न झिजणाऱ्या वस्तूंचे?
तशी एक तरी वस्तू दाखवा मला.
बेअरिंग हळूहळू मेलं, मान्य.
नवं घेतलं असतं तर त्या महिन्यात
तुमचा हप्ता चुकला असता,
मी हप्ता भरला.
पण लाद्या?
त्या तर एका रात्रीत गेल्या.
त्या झिजल्या का?"

मी पुन्हा पानं चाळली.
आग होती, चोरी होती, दंगल होती,
विमान कोसळणंसुद्धा होतं.
वितळणं कुठंच नव्हतं.

मग तिनं मला शेजारच्या खाणावळीत नेलं.
तिथल्या फ्रीझरच्या तळाशी,
कोंबड्यांच्या खाली,
गोणपाटात गुंडाळलेली एक लादी.
त्याच रात्रीची.
सहाशेमधली ही एक
तिनं खांद्यावर घालून पळवली होती,
कंपनीच्या माणसाला दाखवायला.

मोजपट्टी लावून फोटो काढला.
रकाना अकरा, वाचलेला माल: एक नग.
नियमाप्रमाणे त्याची किंमत
भरपाईतून वजा होते.
भरपाई मिळो न मिळो,
वजाबाकी आधी लिहायची असते.
लिहिली.

बाहेर टूना विकणाऱ्या बायका
माशांवर ओली पोती टाकून बसलेल्या.
ऊन माथ्यावर आलेलं.
"झालं ना तुमचं काम?"
म्हणत एर्मेलिंडानं टोचा उचलला
आणि पुरावा फोडला.
खडे, ढलप्या, चुरा,
टोपल्याटोपल्यांतून वाटून टाकला,
कुणाकडून पैसे घेतले नाहीत,
कुणी विचारलेही नाहीत.

उरला तो तुकडा लुसियानूला दिला.
त्यानं तो सवयीनं कानाशी धरला.

कारणाचा रकाना तोवर कोराच होता.
बोटीचा भोंगा झाला.
त्याला काय ऐकू आलं ते मी विचारलं नाही.
विचारलं असतं
तर लिहावं लागलं असतं.