पॅकिंग

तानाक्काच्या शेडवर बोर्ड नाही.
उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या फौंड्रीला वळसा घातला
की काळी वाळू संपते, ग्रीसचा वास सुरू होतो.
तिथं थांबायचं.
बोर्ड कुठल्या भाषेत, यावरून इकडं काय काय झालं
ते सगळ्यांना ठाऊक.
तिला विचारलं तर म्हणते,
बोर्ड लावला की वेळेवर उघडावं लागतंय.

मी तिचा धाकटा भाऊ. विमा विकतो.
माझं घर बोलण्यावर चालतं,
आणि ही माझ्याशी आठवड्यात फार तर चाळीस शब्द बोलते.
त्यातले दहा पान्यांचे नंबर.

पंप येतात. चिकोडीचा ऊसवाला कन्नडात रडतो,
बेळगुंदीचा मराठीत.
ती स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवते,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटते.
मग दोघांनाही तेच : नोडोण.
बेळगुंदीचा कधी पैशाऐवजी रताळी ठेवून जातो.
ती वजन करत नाही.

कंपनीत होती तीन वर्षं.
साहेबानं एकदा व्हर्नियर कसा धरायचा ते शिकवलं.
तिनं ऐकून घेतलं, व्हर्नियर पुसून डबीत ठेवला
आणि दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.
सासरहूनही तशीच आली,
पिशवीत दोन साड्या आणि रिंगपान्यांचा सेट.
आटे बसंनात, म्हणाली.
मिलीचा नट, सुताचा बोल्ट.
दोन वेढे जातो, मग अडतोय.
जोर लावला तर दोन्ही वाया.
एवढं लांब तिच्या तोंडून मी एकदाच ऐकलं.

अण्णा गेले त्या रात्री
घर माणसांनी भरलेलं
आणि अक्का गच्चीवर, टाकीचा फ्लोट बदलत.
मावशी म्हणाली, दगड आहे.
मीही म्हणालो, मनात.
अकरा वर्षं म्हणत राहिलो.
पाणी भिंतीवरून सोप्यात उतरत होतं, हे खरं.
त्याच भिंतीशी अण्णांना ठेवलं होतं, हेही खरं,
पण ते माझ्या ध्यानात येऊन फार दिवस झाले नाहीत.
आणि तिनं ते मनात धरून केलं,
की नुसतं पाणी वाया चाललं होतं म्हणून,
अजून मला माहीत नाही.
विचारलं तर पाणी म्हणेल.

गेल्या महिन्यात हुबळीच्या हॉटेलात आमचं ट्रेनिंग झालं.
माणूस ओळखायला शिकवलं, जेवण चांगलं होतं.
घरच्या एकाचा फॉर्म भरून आणा, म्हणाले.
जाड, गुळगुळीत कार्ड.
मी शेडात स्टुलावर बसून मोठ्यानं वाचत होतो,
प्रश्न सातवा,
आपण आपल्या भावना मोकळेपणाने सांगता का?
तिचं अर्धं अंग पंपाखाली.
काय वाचूलालास?
तुझ्याबद्दलच आहे, म्हटलं.
बघू.

घेतला. वाचला नाही.
अंगठा आणि बोटात धरून जाडी पाहिली.
फ्लँजवर ठेवला,
आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं
टक टक टक,
लोखंडाच्या धारेवर कागद आपसूक कापत गेला.
चार भोकं. ग्रीसचं एक बोट गोल फिरवलं.
नट समोरासमोरचे, एकेक वेढा,
एकदम कुठलाच नाही.
लाईट धर की नीट.

धरला.
गप्प बसून लाईट धरणं
मला वाटलं होतं त्याहून अवघड आहे.
तिचा हात जाण्याआधी उजेड तिथं जायला हवा,
आणि माझी सावली मध्ये नको.

पंप सुरू झाला.
जोडावर तिनं पालथा हात फिरवला, कोरडा निघाला.
माझ्याकडं बघून मान हलवली, एवढीशी,
ती पंपासाठी होती बहुतेक.

मधला कापलेला गोल खाली पडला होता, तो मी उचलला.
सातवा प्रश्न सबंध आहे त्यावर,
आणि काळा अंगठा.
नेहमी, क्वचित, कधीच नाही
हे तिन्ही पंपासोबत दुपारच्या टेम्पोनं अथणीला गेले.
ट्रेनिंगवाल्यांना मी कळवलं,
फॉर्म हरवला.