दोन बोटं कमी

अक्कलकोट रोडला, म्हमाण्यांच्या शेडमध्ये
पत्र्याखाली दुपारचे पावणेतीन.
सोलापूरचा पारा चव्वेचाळीसवर बसलाय
आणि मी शिवतेय बर्फातले हातमोजे.

आधी आम्ही शाळांचे गणवेश शिवायचो.
खिसा, काज, कॉलर, डोळे मिटून.
हातमोजा डोळे मिटून होत नाही.
बोटांच्या मधल्या पट्ट्या नखाएवढ्या रुंद,
करंगळीची शिवण आतून नको, टोचते,
आणि अंगठा,
अंगठा म्हणजे वेगळाच माणूस, जिलानी मास्तर म्हणतात,
त्याला घरात घ्यायचं तर भिंत तिरकी बांधावी लागते.

शिवून झाला की आत हात घालून बघायचा.
आढ्याला टांगलेला दोर धरायचा, लोंबकळायचं.
हात बाहेर येतो तो ओला, पांढरट, सुरकुतलेला,
ढीगभर धुणं धुतल्यासारखा.
दिवसातून चाळीस वेळा माझा उजवा हात
जाऊन येतो अशा गावाला
जिथली एसटी मी कधी पकडणार नाही.

घरी आम्ही तेलुगू बोलतो.
बर्फाला मंचु, चांगल्याला मंचि.
उकार पुसून वेलांटी दिली की झालं.
लहानपणी वाटायचं, चांगलं ते सगळं थंडच असतं:
माठाचा तळ, गोळेवाल्याचा रंधा,
ताप उतरल्यावर अम्माचा तळवा.

परवा उत्तरकाशीहून पाकीट आलं.
एकच जोडी. पैसे आगाऊ.
सोबत वहीच्या पानावर हात ठेवून
बॉलपेनने फिरवलेली रेघ.
अंगठा पुरता. पुढची दोन बोटं पुरती.
मग रेघ दोनदा अर्ध्यातूनच माघारी वळलेली,
कुलूप बघून परतावं तशी.
खाली हिंदीत एवढंच, की
रिकामी बोटं दोरात अडकतात, तेवढी नकोत.

मास्तरांनी कागद उजेडात धरला.
साच्यांच्या पेटीत असला साचा नव्हता.
लहान, मध्यम, मोठा,
डोंगरावरची माणसं आमच्याकडे एवढ्याच मापांची.
मी रेघेवर माझा हात ठेवला.
तळवा जवळपास तेवढाच.
बाईचा असेल, म्हणाले मी.
माप घे, माणूस कशाला शोधतेस, मास्तर म्हणाले.
पण कात्री उचलायला त्यांनी त्या दिवशी
दोन चहा लावले.

बुटक्या बोटाचं टोक शिवणं अवघड.
चामडं गोळा होतं, चुण्या पडतात.
पहिला मोजा वाया गेला. दुसरा तीनदा उसवला.
शेवटी त्या टोकांना आतून मऊ कापड दुहेरी लावलं.
कोणी सांगितलं नव्हतं.
वाटलं, जिथे काही उरलं नाही
तिथेच जास्त वाजत असेल थंडी.

तपासायला माझा हात आत जाईना.
दोन बोटं मुडपली, कशीबशी घुसवली,
आणि दोर धरला.
धरला गेला.
समोरच्या मशीनवरची शोभा कुडक्याल पाय थांबवून बघत राहिली.

वाया गेलेल्या मोज्याची दोन बोटं
डब्याच्या पिशवीतून घरी नेली.
अम्मापुढे सूप, तंबाखू, ओली पानं,
पाचशेचा आकडा अजून लांब.
तिने बोटांवर चढवली, एक विडी वळली.
पोटात फुगली, टोकाला सुटली.
"यातून पान कळत नाही गं,"
म्हणाली, आणि काढून ठेवली.

रात्री तीच दोन बोटं घालून तिने
स्टोवरनं आमटीचं पातेलं उतरवलं,
खाली ठेवलं, हात निरखला,
म्हणाली, मंचि.

पंखा फार घरघरतो आमचा.
शेवटचा स्वर नीट कळला नाही.