थांबा

बुर्किना फासो. गोरखचिंचेखाली
नाटक तिसऱ्यांदा तिथंच अडतं:
पंपवाला मी, कमरेला पत्र्याची किल्ली,
म्हणतो, "उद्या ये."
तलातो रिकामा डबा घेऊन माघारी.

"थांबा!"
थांबवेल त्यानं तिची जागा घ्यायची,
एवढाच नियम.
उठला सिबिरी.
गावच्या पंपाची खरी किल्ली
त्याच्या कमरेला.
हसू फुटलं, मग कुणीच हसेना.

डबा डोक्यावर ठेवला, चुंबळ न घेताच.
"उद्या ये," मी म्हणालो,
त्याच्याच तोंडचं, त्याच्याच सुरात.
तो गप्प. डबा कलंडत होता.

पोरींच्या घोळक्यातून
एक चुंबळ आली उडत:
"आधी ही घे, काका.
उद्यापर्यंत मान टिकायला हवी."